आंतोनची गिटार

सिल्वासा,
१४ डिसेंबर १९६९

तीर्थरूप आईस मुकुंदाचा साष्टांग नमस्कार.

कुळथाचं पीठ पोचलं. मी वेळेवर जेवतो. नव्या चष्म्याने तुला नीट वाचता येतं ना?

शाळा सुटल्यावर आमचा बँड असतो. मी ड्रम वाजवतो, इथला आंतोन विजेवरची गिटार. अमेरिकेतल्या गुराख्यांची साधी गाणी तो सुरू करतो आणि मध्येच गुंगी यावी असा गोंगाट उठवतो. खानवेलहून मुलं ऐकायला येतात. हा नवाच आवाज म्हणून त्याचं कौतुक करतात.

रविवारी मी त्याला मागून तीनदा हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही. त्याला ऐकू येईनासं झालंय गं, म्हणून तो आवाज वाढवत नेतो. मी कागदावर लिहून विचारलं, तर म्हणाला, "गिटार सोडली तर उरलेलं टिकेल, असं डॉक्टर म्हणतात. पण गिटार सोडून मी ऐकू काय?"

काल तो म्हणाला, "मुकुंद, अजून जोरात वाजव." मी वाजवलं. ते त्याला ऐकू आलं आणि तो इतका हसला की मला हात आवरता आले नाहीत.

सुलूला आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा,
मुकुंदा