निळी दूधगाडी

१२ फेब्रुवारी, दुपार

प्रिय दादास,

सप्रेम नमस्कार. वहिनींनाही सांग. आम्ही इकडे ठीक. माझा खोकला गेला, स्वयंपाकघरातला नळ मात्र पुन्हा गळतोय. तुझं रोजचं चालणं सुरू असेल.

जुन्या खेळण्यांच्या प्रदर्शनासाठी पाठवलेली तुझी निळी दूधगाडी पोचली. मधलं कपाट तुझ्यासाठी राखलं होतं, काचाही पुसून घेतल्या. एवढं लिहिताना तीनदा उठलो. चहा ठेवला, तो उतू गेला.

आता आडवळण पुरे. दादा, गाडी अस्सल नाही.

कारखान्यानं ही गाडी एरवी पांढरीच काढली, निळी निघाली ती फक्त पहिल्या खेपेत, हे तूच मला शिकवलंस. खऱ्या निळीत रंगाखाली थेट धातू हवा. भिंगातून पाहिलं, तर दाराच्या फटीत निळ्याखाली पांढरा. गाडी उघडण्यासाठी तळाचं रिवेटही कोरून पुन्हा बसवलेलं. काम इतकं सफाईदार, की आधी मीही फसलो.

मग भिंग खाली ठेवलं. कारण असा रंग जुळवणारा हात आपल्या घरात एकच आहे. गाडी खिशात घालून तडक बारक्याच्या कामाच्या खोलीवर गेलो. तुझा लेक कवळीतल्या दातांचा रंग जुळवत बसला होता. मला पाहताच म्हणाला, "काका, ओळखलंत ना?"

"का केलंस रे असं?"

"बाबा ही गाडी शोधताना जुन्या बाजारात चक्कर येऊन पडले, तरी पुन्हा निघालेच. आईचं ऐकेनात. म्हटलं, मला सापडली म्हणून ही एक गाडी हातात दिली की थांबतील. थांबले की नाही?"

"मग नंतर तरी सांगायचंस!"

"ते गावभर सांगत सुटले, पोराला माझी नजर आहे म्हणून. जन्मात पहिल्यांदा शाबासकी मिळाली, काका. लोकांची तोंडं दुरुस्त करतो मी, माझंच उघडेना."

मी चिडून निघालो. रस्त्यावर इकडून तिकडे दोन-तीन फेऱ्या मारल्या आणि परत आत गेलो. गाडी त्याच्या हातात ठेवली. प्रदर्शनाच्या मंडळींना कळवलंय, तुझी गाडी येणार नाही. कारण सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

रविवारी तो गाडी घेऊन तुझ्याकडे येतोय. मी सोबत येऊ का म्हटलं, तर नको म्हणाला.

रागावू नकोस असं मी म्हणणार नाही. रागाव. पण समोर बसवून रागाव. आठ-आठ दिवस अबोला धरतोस ना, तो नको. आणि एक सांगायचं राहिलं. निघताना विचारलं, "हा निळा कुठून मिळवलास?" खरी निळी त्यानं कधी पाहिलेलीच नाही, दादा. लहानपणी जेवताना तू तिचं वर्णन करायचास, त्यावरून काढलाय तो रंग.

दार तू स्वतः उघड. वहिनींना पाठवू नकोस.

तुझा, आणि या वेळी थोडा त्याचाही,
धाकटा