विहिरीवर लक्ष ठेवण्याबाबत

५ जुलै १९६४, रविवार. मु. कापडे. दुपारी ४

तुळसा व्हाळाकाठी भेटली. भागोजीरावांची एकुलती एक मुलगी, वय एकवीस. मी त्यांच्याकडे दोन्ही वेळा जेवतो. म्हणाली, आठ दिवस वर गेले, अजून काही नाय. मी विचारलं, कशाचं काही नाही? तिने असं काही बघितलं की चटकन उमगलं.

मी मुळीच घाबरलो नाही. चिखलामुळे तोल गेला, एवढंच. चप्पल व्हाळात वाहून गेली. मी धीराने म्हटलं, बघू. ती म्हणाली, मी सांगितलं, आता काय ते तुम्ही सांगा. मी पुन्हा म्हटलं, बघू. पदर खोचून तरातरा निघून गेली. बायकांना पेशन्स म्हणून नसतो.

मुळात चूक कोणाची? ११ जूनला सगळं घर पोलादपूरला लग्नाला गेलं आणि पोरीला म्हशीसाठी मागे ठेवलं. असं कोणी करतं? मी फक्त ताक प्यायला गेलो होतो. वाहवलो दोघंही, हे न्यायाने लिहितो.

ठरवलं : डोकं शांत ठेवायचं. रोज पहाटे उठून इंग्लिश ग्रामर.

६ जुलै, सकाळी

ग्रामर झालं नाही. झोप लागली नव्हती, मग पहाटे लागली.

जेवण बंद केलं. शेजारच्या चांगूबरोबर ठकूबाईंना, म्हणजे तिच्या आईला, निरोप धाडला की डॉक्टरांनी नारळ वर्ज्य केलाय, महिनाभर हाताने करून खाईन. उत्तम युक्ती. तुळसाने वाढायचं आणि मी तिच्यासमोर बसून गिळायचं, हे दोघांनाही अवघड झालं असतं. मी तिचाच विचार केला.

शिवाय भागोजीरावांच्या मनात घरजावई आहे. तेवढ्यासाठी पोरीची तीन स्थळं परतवली. एकदा का त्यांना कळलं, की उद्या मी गुडघाभर चिखलात बैलांच्या मागे! पी.टी.सी. झालेला शाळामास्तर, पुढेमागे बी.ए. होणारा, आणि सासऱ्याच्या घरी नांगर हाकणार? हॅ!

भात खाली करपला, वर कच्चा.

६ जुलै, दुपारी

शोध लागला. अगदी सायंटिफिक.

या अडाणी गावात बाईला कावळा शिवला की ती चार दिवस बाजूला बसते. चूल नाही, देव नाही, विहीर नाही. या रूढीवर मी २६ जानेवारीला पाऊण तास घणाघाती भाषण केलं होतं. (तिघे जण जागे होते.) पण रूढी वाईट असली तरी उपयोगी असू शकते, हे शहाण्याला समजतं. शाळेच्या खिडकीतून विहीर समोर दिसते. भागोजीरावांच्या घरचं पाणी एरवी तुळसा भरते. ज्या दिवशी ती विहिरीवर येणार नाही, त्या दिवशी आपण सुटलो. कोणाला काही विचारायला नको, बोलायला नको.

ठरवलं : रोज सकाळी सात ते आठ निरीक्षण.

७ जुलै

पाणी : तुळसा. दोन खेपा. पावसात डोक्यावरून पाठभर इरलं पांघरलेलं, तोंड दिसत नव्हतं. पण त्यांच्या इरल्याच्या शेंड्याला निळी चिंधी बांधलेली आहे, ती लांबून ओळखू येते. म्हणजे अजून नाही.

८ जुलै

पाणी : तुळसा. तीन खेपा.

मुलांना आठाचा पाढा म्हणायला लावला. मी मनात दिवस मोजत होतो. अकरा झाले.

९ जुलै

पाणी : तुळसा. किती पाणी लागतं या लोकांना!

चांगू येऊन म्हणाला, गुरजी, जेवायला का जात नाय, ठकूबाय इचारतेय. मी नारळाचं सांगितलं. म्हणाला, मग बिननारळाचं करील की. मी म्हटलं, तुला मेडिकल बाबी कळायच्या नाहीत. चांगू हसला. हे लोक कशालाही हसतात.

११ जुलै, शनिवार

शाळा दुपारी सोडून चालत पोलादपूर, तिथून एस.टी.ने महाड. पुरी पाऊण वाट एक बाई माझ्या मांडीवर कोंबडी ठेवून झोपली.

डॉक्टरांना म्हटलं, एका मित्राची केस आहे. मित्राचं नाव विचारलं. मुरारी, म्हणून ठोकून दिलं. सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, मुलीला काही मळमळ, चक्कर? मी म्हटलं, ठाऊक नाही. म्हणाले, मुरारीने तिला विचारलं नाही? मी म्हटलं, मुरारी फार बिझी असतो. मग माझं पोट दाबून पाहिलं. करपलेल्या भाताने ते फुगलं होतं. गुलाबी औषधाची बाटली दिली आणि म्हणाले, ही तुम्हाला. मुरारीला म्हणावं, आधी त्या पोरीची भेट घे, भेकडासारखा लपू नकोस.

मला त्या मुरारीचा खरंच राग आला. असले लोक असतात.

१२ जुलै

पाणी : तुळसा.

देवावर माझा विश्वास नाही. तरी काळकाईच्या देवळात गेलो, केवळ लोकजीवनाचा अभ्यास म्हणून. गुरवाने देवीला तांदूळ लावले आणि विचारलं, कसला कौल मागताव? खरं कसं सांगणार? बदलीचा, म्हटलं. तांदूळ उजवीकडचा पडला. गुरव म्हणाला, जाल गुरजी, लवकर जाल.

हे एक सुचलं नव्हतं! बदली! देवळं अगदीच टाकाऊ नसतात.

१३ जुलै

बदलीचा अर्ज लिहिला. कारण : हवा मानवत नाही. तुळसाचं काय, हा प्रश्न मनात आला. तिच्याच भल्याचं आहे. मी समोर नसलो तर लोक माझं नाव घेणार नाहीत, म्हणजे तिचीही बदनामी निम्म्यावर येईल. हिशेब बरोबर आहे.

पाणी : तुळसा. हंडा डोक्यावर, कळशी कमरेवर. अशा अवस्थेत एवढं ओझं! आईबापांना काही वाटत नाही का? निर्दय माणसं.

१५ जुलै, बुधवार

कमाल झाली. तालुक्याहून कुटुंबनियोजनाची मंडळी आली. सभा शाळेत आणि अध्यक्ष मी! वीस पुरुष आले, निम्मे विडीसाठी. बायका आल्याच नाहीत. एकटी तुळसा येऊन दाराला टेकून उभी राहिली.

अध्यक्षीय भाषणात मी संयम आणि जबाबदारी यावर बोललो. चांगलं बोललो, पण घाम फार आला. चांगूने मधेच विचारलं, गुरजी, तुमचं लगीन नाय, तुमाला ह्ये कसं म्हाईत? सगळे खो खो हसले. तुळसा हसली नाही. माझ्याकडे बघत होती.

सभा संपली तरी ती दारातच. तिला माझ्याशी काही बोलायचं होतं बहुतेक. पण पाहुण्यांची पोस्टरं गुंडाळायची होती, आणि अध्यक्षाने सभेनंतर लगेच असं एका बाईशी बोलणं बरं दिसत नाही. मागच्या दाराने निघालो. शेणाच्या ढिगात पाय गेला.

१६ जुलै

कालचं तिचं तोंड डोळ्यांपुढून जात नाही. ठरवलं : उद्या स्वतः जाऊन भेटायचं. मर्दासारखं.

१७ जुलै

पाऊस फार होता.

१८ जुलै

पाऊस कमी होता, पण पाय दुखत होता. पाणी : तुळसा.

१९ जुलै, रविवार

काय लिहू! काय लिहू!

सकाळी खिडकीत उभा होतो. वारा सुटला आणि निळ्या चिंधीचं इरलं उलटं झालं. आत तुळसा नव्हती! आत पन्नास-पंचावन्न वर्षांची बाई, तोंडात मिश्री, पुढचे दोन दात गायब. हंडा काठावर ठेवून ती सरळ खिडकीपाशी आली आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, काय हो मास्तर, तेरा दिस झालं रोज उठून माझ्याकडं काय बघताव? मी रांडमुंड बाई, नातवंडं हायत मला!

ही राहीबाई. भागोजीरावांची थोरली बहीण, दासगावची. लावणीला मदत करायला आलेली. विहिरीवर सगळ्या बायका पदर तोंडात कोंबून उभ्या. सगळ्या गावाला ठाऊक होतं म्हणे, की मास्तर आत्याबाईवर डोळा ठेवून आहे.

मी म्हटलं, मला वाटलं पाणी तुळसा भरते. राहीबाई म्हणाली, कशी भरंल? मी आले त्याच दिवशी, सोमवारी, तिला कावळा शिवला. ठकू शेतात. मग पाणी माझ्याच गळ्यात पडलं, ते पडलंच.

सोमवार. म्हणजे ६ जुलै. ज्या दिवशी मी जेवण बंद केलं तो दिवस! एक वेळ जरी जेवायला गेलो असतो तरी पडवीत बाजूला बसलेली दिसली असती. चांगूला ठाऊक होतं. चांगूच्या म्हशीलाही ठाऊक असेल.

पण जाऊ दे. सुटलो! मी आधीपासून म्हणतच होतो, काळजीचं कारण नाही. गुलाबी औषध ओतून दिलं. मुलांना उद्या अर्धा दिवस सुट्टी.

२० जुलै

शांत चित्ताने विचार केला. मुलगी चांगली आहे. कामसू आहे, चार लोकांत उठून दिसते. आता सक्ती नाही म्हटल्यावर उपकार करायला काय हरकत आहे? उद्या जाऊन रीतसर मागणी घालावी. घरजावई होणार नाही ही अट. बी.ए. झाल्यावर लग्न ही दुसरी. बिचारी आनंदाने रडेल.

बदलीचा अर्ज अजून पेटीतच आहे. फाडला.

२१ जुलै, संध्याकाळी

इस्त्रीचा शर्ट घातला. तुळसा खाचरात लावणी करत होती. बांधावर बोलावलं. आली. हातात भाताची रोपं तशीच.

मी दोन्ही अटी नीट समजावून सांगितल्या. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, गुरजी, तुमाला सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी मोकळी झाले. वाटलं, निरोप धाडावा. मग म्हटलं, थांब गो, इचारायला येतात का बघू. चार दिस पडवीत बसून वाटेकडं बघत होते. पाचव्या दिवशी न्हाले, तरी बघत होते. सभेला आले, तर तुम्ही मागल्या दारानं गेलाव.

मी म्हटलं, हा तुझा गैरसमज आहे, मी रोज सकाळी खिडकीत उभा होतो. म्हणाली, व्हय, आत्या सांगत होती.

आणि हसली. हसता हसता रडायला लागली. चिखलाच्या हाताने डोळे पुसले, तोंडभर चिखल झाला. म्हणाली, तुमाला ठाव हाय, त्या आठ दिवसांत मी काय काय मनात आणलं ते? विहिरीत बघून आले दोनदा. पोर झालं असतं तर पोसलं असतं मी, लोकांचंही ऐकून घेतलं असतं. पण जन्मभर तुमचं तोंड बघायचं, ते नाय जमायचं.

माझ्या खिशात धुतलेला रुमाल होता. द्यावा हे सुचलं नाही. ती खाचरात उतरून बायकांच्या ओळीत जाऊन वाकली. मी बराच वेळ बांधावर उभा होतो. कोणी वर बघितलं नाही.

२२ जुलै

सकाळी खिडकी लावून घेतली. विहिरीवर कोण आलं, कोण नाही, पाहिलं नाही.

ती दोनदा विहिरीत बघून आली, आणि मी इथे बसून खेपा मोजत होतो. मला लाज वाटते. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. फार लाज वाटते.

पुढे काय करायचं ते ठरवलेलं नाही.