आळीची पंधरा घरं

मु. ठाणे, फाल्गुन वद्य ३, शके १८१०

चि. गोपीनाथ यास आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. शाळेतून पेन्शनीत निघाल्यापासून खोकला आणि राग असे दोनच सोबती उरले आहेत. पैकी खोकला बरा आहे.

कल्याणच्या कचेरीत तू दिवसभर लोकांचे अर्ज घेतोस, एक अर्ज बहिणीसाठी लिही. आपल्याच आळीच्या पंचांविरुद्ध. होळीला पंचांनी तरण्या मंडळींना लाकडं आणायला खाडीकडे धाडलं. त्यांनी मीठवालीच्या आगराची उघाडीच उपटून आणली. भरतीचं पाणी अडवायच्या त्या जाड फळ्या, वर्षानुवर्षं मिठात मुरलेल्या. होळी फार झोकात पेटली म्हणे. त्याच पुनवेचं उधाण उघड्या तोंडातून आत शिरलं आणि पिकत आलेलं निम्मं मीठ विरघळलं. अमावास्येला पुन्हा उधाण आहे. तोवर नव्या फळ्या बसल्या नाहीत तर उरलंसुरलं जाईल, आणि आगराचा मालक पाडव्याला तिला काढून दुसरा माणूस ठेवील. नवरा नाही, हाताशी कोणी नाही.

मी देवळाच्या ओट्यावर चौघांत विठ्ठलरावांना जाब विचारला. हल्ली मुख्य पंच तेच. ते म्हणाले, होळीत पडलेलं लाकूड कोणाचं हे विचारायची आपल्यात रीत नाही. वर म्हणाले, "आवडाबाई, शाळा सुटली आता." बाकीचे चार पंच हसले.

गेल्या वर्षी माझं फाटक होळीत गेलं तेव्हा याच पंचांकडून मी ठराव करून घेतला होता, की आळीतल्या घरांच्या लाकडाला हात लावू नये. तो त्यांना पाळावा लागला. याही वेळी मी सोडणार नाही. या आळीत राहते हे सांगायचीसुद्धा लाज वाटते. मुलांना गोड पापे. राग तुझ्यावर नाही, म्हणून लोभ सगळा तुझ्या वाट्याला.

तुझी आक्का, आवडाबाई

मु. कल्याण, फाल्गुन वद्य ५

ती. आक्काच्या चरणी गोपीनाथचा शि. सा. नमस्कार. वि. वि. पत्र पावलं. शाळा सुटली असं तुला म्हणणाऱ्याच्या धाडसाचं हिलाही कौतुक वाटलं.

अर्ज लिहायला बसलो आणि दोन जागी अडलो. एक, मीठवालीचं नाव काय? कचेरीत मीठवाली चालत नाही. तू आठ ओळी तिच्याविषयी लिहिल्यास, नाव कुठेच नाही. दुसरं, गेल्या वर्षीच्या ठरावाची नक्कल पाठव. पंच त्याच्यावरच बोट ठेवतील. आळीतली घरं बंद झाली म्हणून मंडळी खाडीकडे वळली नसतील ना? लहान तोंडी मोठा घास घेतला. रागावलीस तर खोकला सांभाळून रागाव, आणि माया आहे तेवढी राहू दे.

तुझा गोपीनाथ

मु. ठाणे, फाल्गुन वद्य ८

चि. गोपीनाथ यास अनेक आशीर्वाद. वि. वि. दोन दिवस तुझ्यावर रागावले होते. काल ठराव काढून पाहिला.

अक्षर माझं. पंचांनी मलाच लिहायला दिला होता. आळीतली घरं म्हणजे कोणती, हे मीच देवळापासून एकेक नाव घालून लिहिलं. पंधरा झाली. पंधरावं काटदऱ्यांचं, तिथे मी रेघ मारली. त्यापुढे खाडीच्या अंगाला, चिंचेखाली मीठवालीचं घर आहे. आपल्याच विहिरीवर ती पाणी भरते, देवळाच्या उत्सवाला मीठ तिच्याकडून फुकट येतं. तिचं घर मला दिसलंच नाही. विठ्ठलरावांनी ठरावाबाहेर पाऊल टाकलेलं नाही रे. मी रेघ मारली तिथून पुढे त्यांनी लाकडं शोधली.

नाव विचारायला गेले. तीस वर्षं तिचं मीठ खाते आणि दारात उभी राहून नाव विचारते. ती काहीतरी निवडत होती, मान वर केली नाही. म्हणाली, सगुणा. काळुरामची सगुणा. बसा म्हणाली नाही, आणि मीही बसले नसते.

अर्ज राहू दे. द्वादशीला ओट्यावर सभा बोलावली आहे. शाळेतल्या मडमा सांगायच्या, दुसऱ्याचा दोष काढायचा तर आधी आपला बोलावा. तेव्हा ते मला नुसतं पाठ होतं. हे पत्र वाचून जो लोभ उरेल तो ठेव.

आवडाबाई

मु. कल्याण, फाल्गुन वद्य १०

ती. आक्का, शि. सा. नमस्कार. वि. वि. तुझं पत्र हिला वाचून दाखवलं नाही, माझ्या पेटीत ठेवलं आहे. सभेत खाली बघून बोलू नकोस, ते तुला शोभत नाही. दोष सांगून झाला की फळ्या मागायला विसरू नकोस. लोभ तिळभरही घटलेला नाही, हे कळावं.

गोपीनाथ

मु. ठाणे, चैत्र शुद्ध २, शके १८११

चि. गोपीनाथ यास पाडव्याचे आशीर्वाद. वि. वि. सभेला सगळी आळी होती. मी ठराव वाचला, पंधरा नावं वाचली, आणि रेघ कोणी मारली ते सांगितलं. आधाराला खांब धरला. कोणी हसलं नाही, त्याचंच जास्त लागलं. मग पंचांना विचारलं, रेघ माझी, पण त्या फळ्या कशाच्या आहेत हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का? विठ्ठलराव म्हणाले, ठाऊक होतं.

त्यानंतर वाद राहिला नाही. त्यांनी माळ्यावरचं सागवान काढलं, चतुर्दशीला पाचही पंच गुडघाभर चिखलात उभे राहून सगुणाबाई सांगेल तशा फळ्या बसवत होते. अमावास्येचं उधाण बाहेरच राहिलं. आगर तिच्याकडे राहिलं. गेलेलं मीठ मात्र गेलं.

काल नवा ठराव लिहून पुरा करण्याआधी तिच्याकडे गेले. म्हटलं, सोळावं घर म्हणून तुमचं नाव घालते. ती फावडं टेकून म्हणाली, "बाय, लिवाचं तं खाडीकडशी मोजा. मंग पयलं घर माजं."

घरी येऊन कागद फाडला आणि नव्याने, खाडीकडून मोजत लिहिला. आपलं घर तेरावं आलं.

लोभ ठेव, आणि पुढच्या पत्रावर पत्ता घालशील तेव्हा तो आकडा घाल.

तुझी आक्का, आवडाबाई