ऐंशी किलो

आई, धाकटीचा पाय सुजला आहे. घोट्यापासून वरपर्यंत लाल, गरम, चकचकीत. टाचेच्या भेगेतून जंतू आत शिरले म्हणतात. तू असतीस तर पहिल्याच दिवशी ओळखलं असतंस. मी हळद लावत बसले. मग नंदनवन कॉलनीत, घराजवळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर ऐकवलं, "आधी वजन कमी करा." साठी उलटलेली आपली धाकटी तापानं फणफणत होती. मी विचारलं, वजन कमी होईपर्यंत हा पाय कुठे ठेवू? त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

तुझा वॉर्ड आठवतो. मी नववीत आहे, शाळा सुटल्यावर तुझी ड्युटी संपायची वाट बघत स्टुलावर बसले आहे. एक लठ्ठ बाई वजनासाठी खाटेवरून उठायला तयार नाही. मी शहाणपणानं म्हणते, "लिही ना सत्तर." तू मान वर करत नाहीस. "डोयानं वजन करतं काय वं? औषध तिच्या आंगाले पुरलं पाह्यजे, तुह्या अंदाजाले नाही." मग तू तिला हाताला धरून काट्यावर नेतेस, काट्याभोवतीच्या बायकांना हाकलतेस, आणि आकडा मोठ्यानं न बोलता कागदावर लिहितेस. उतरताना ती बाई तुझा खांदा घट्ट धरते.

गोळ्यांनी काही झालं नाही, म्हणून सोमवारी धाकटीला दवाखान्यात भरती केलं. व्हीलचेअर दारातच, मागे रांग. विशीतली नर्स विचारत होती, "वजन किती लिहू, मॅडम? काटा वरच्या मजल्यावर आहे, अन् यायले उभंही राहता येऊन नाही राहिलं." धाकटीनं माझं बोट ओढलं. "ताई, लोकाईसमोर नको सांगू वं." मागे कोणीतरी हसलं. मी म्हणाले, "ऐंशी." नर्सनं धाकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे पाहून फारसं कोणी पुन्हा विचारत नाही, तुला माहीत आहे. तिनं लिहिलं.

लाली कुठवर आहे ते कळावं म्हणून त्यांनी पायावर पेनानं रेघ मारली. तिसऱ्या दिवशी लाली रेघ ओलांडून गुडघ्याकडे निघाली. मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी धाकटीला खुर्चीसकट काट्यावर घेतलं. खुर्चीचं वजन वजा करून एकशे अठरा. शिरेतून चाललेलं औषध वजनावर ठरतं, म्हणाल्या, ते कमी पडत होतं. लगेच वाढवलं. "ऐंशी कोणी लिहिलं?"

आई, मी त्या नर्सवर तुटून पडले. कॉन्व्हेंटात नन्सनी घोटून घेतलेलं इंग्रजी, ज्याला ऑफिसात साहेबही बिचकायचे, ते सगळं त्या पोरीवर काढलं. हलगर्जीपणा, बेजबाबदारपणा, सगळे शब्द नीट, व्याकरणशुद्ध. ती ऐकत राहिली. धाकटीनं डोळे मिटून घेतले होते. झोपली नव्हती.

नंतर मी डॉक्टरीणबाईंना हळूच विचारलं, पहिल्यापासून पुरेसं दिलं असतं तर? त्या म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही; पाय आधीच बराच बिघडला होता. हे उत्तर घेऊन मी काय करू, कळत नाही. भांडायलाही कोणी उरलं नाही. आज लाली वर चढलेली नाही, उतरलेलीही नाही. आतला भाग सडला तर कापून काढावा लागेल म्हणतात. मी दर तासाला चादर उचलून रेघ बघते. धाकटी विचारते, "उतरली काय?" मी म्हणते, "थोडी." हाही अंदाजच.

मघाशी फाईल उघडून पाहिली. ऐंशीवर काट मारून बाजूला एकशे अठरा लिहिलंय आणि त्याखाली त्या नर्सची छोटी सही आहे, जणू चूक तिचीच. आत्ता ती सलाईन बदलून गेली. जाताना मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही काही खाल्लं काय?"

मी हो म्हणाले. खाल्लं नव्हतं. हा कागद कुठे पाठवायचा नाही, पर्समध्येच राहील. त्या पोरीला सांगायचं एकच वाक्य होतं, आणि मी दोन पानं तुला लिहीत बसले.