घोडीच्या एकांतवासाचा खुलासा

तीर्थरूप काकांना दोन्ही हात जोडून नमस्कार. (एक लगेच सोडला, लिहायचं आहे.) तुमची सर्दी उतरली का? घोडीबद्दल विचारायची हिंमत होत नाही, पण लिहितोय तिच्याबद्दलच.

सर्दी झालेल्या माणसाने घोडीजवळ फिरकू नये, असं आमच्या प्रयोगशाळेने तुम्हाला कळवलं, त्यामागची हकिकत अशी. फ्लूचा विषाणू पेशीला धरतो तो तिच्या अंगावरच्या साखरेच्या साखळीला. साखळी जवळजवळ सारखीच, फक्त टोकाचा सांधा माणसात एका तऱ्हेचा, घोड्यात दुसऱ्या. एवढ्यावर विषाणू अडून बसतो (आजोबांना चहा त्यांच्याच कपात लागायचा, तसा). म्हणून आमच्याकडचा माणसांचा फ्लू घोडीच्या रक्तपेशींना धरत नाही; त्या चाचणीच्या वाटीत तळाशी ठिपका होऊन बसतात. कोंबडीच्या पेशींवर मात्र दोन्ही तऱ्हा असल्याने तिथे त्याची पकड बसते आणि पेशींचं जाळं होतं.

सोमवारी, तुम्ही चाचण्यांसाठी पाठवलेल्या रक्तातल्या, तुमच्या घोडीच्या पेशींचं जाळं झालं! आमच्या प्रमुख बाईंचा चेहरा उतरला, तुम्हाला निरोप गेला, आणि मी मनातल्या मनात शोधनिबंधावर स्वतःचं नाव टाकून मोकळा झालो. आज, गुरुवारी, सहज सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर प्रत्येक पेशीत केंद्रक. घोड्याच्या तांबड्या पेशीत ते नसतं, कोंबडीच्या असतं, हे लहानपणी तुम्हीच शिकवलंत (काका जनावरांचा डॉक्टर असल्याचा फायदा चार दिवस उशिरा झाला). पेशी धुताना बाटल्यांची झाकणं मी काढली होती आणि नावांच्या चिठ्ठ्या झाकणांवरच होत्या. थोडक्यात, तुमची घोडी चार दिवस कोंबडी म्हणून नांदली.

शेजारी सांगत होते, ती दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही, आणि तुम्ही लांब खुर्ची टाकून तिच्याकडे बघत बसता. ऐकून फार वाईट वाटलं, काका.

तुमचा धांदरट पुतण्या

ता. क. बाईंना अजून सांगितलेलं नाही. उद्या त्या हा निकाल वरिष्ठांपुढे मांडणार आहेत. तुमची त्यांची जुनी ओळख. तुम्हीच सांगाल का?

पुन्हा ता. क. राहू द्या, मीच सांगून आलो. बाईंनी एवढंच विचारलं, "घोडीजवळ जायला हरकत नाही, हे काकांना कळवलंस?" म्हटलं, पत्रात लिहिलंय. (वाचून पाहिलं, तर नेमकं तेच राहिलं होतं.) त्यांनी फोन पुढे सरकवला. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. मी माफी मागायला तोंड उघडलं, तोवर तुम्ही फोन तसाच टाकून निघालात. आधी तबेल्याची कडी वाजली, मग तुम्ही शिंकलात, मग ती खिंकाळली. मी आणि बाई, दोघांनीही बराच वेळ फोन ठेवला नाही.