सुमनबाईंनी वर बघितलं

सेनगाव. मंगळवार, दिवेलागणीनंतर.

समोरच्या सुमनबाई विरजण मागायला आल्या. विरजण घेतलं, तरी निघेनात. मागच्या खोलीत उभ्या राहून वर स्लॅबकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, पावसाळ्यात ही खोली गळत न्हाई ना?"

तेव्हापासून जिवात जीव नाही.

आमच्या यांचा मंडपाचा धंदा बुडाला, हप्ते थकले, गहाण ठेवलेलं घर बँकेनं लिलावात काढलं. दोनदा लिलाव पुढे गेला, कारण बोलीच आली नाही. कागदावर घराचा ताबा बँकेकडे गेला म्हणे, घरपट्टी मात्र अजून आमच्याच नावानं येते. हे बिनघोर. "काहून घाबरून राहिली? गल्लीतलं कोणी आपल्या घरावर बोली लावणार न्हाई." सुमनबाईंच्या मालकांनी तर नागनाथाची शपथ घेतलीय.

मग त्या वर का बघत होत्या? त्यांच्या थोरल्याचं लग्न ठरलंय, त्यांना जागा पुरत नाही, हे मला ठाऊक आहे. की मीच उगाच संशय घेतेय? शेजारीण आहे, सहज विचारलं असेल. पण सहज विचारणारी बाई भिंतीला हात लावून ओल बघते का?

यांना अजून सांगितलं नाही. पहिलं हेच विचारतील, तू काय म्हणालीस?

गळते म्हणायला काय झालं होतं मला! पण तोंडातून निघूनच गेलं, "एक थेंब न्हाई गळत, बाई. या स्लॅबला मी माझ्या हातानं पाणी मारलंय."