निळा ड्रम

बाबा,

तुमच्या बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याच्या जागेवर आता घरं आणि बाग होणार आहे. तिथली विषारी माती उपसायच्या कामावर मी आहे. तुम्ही असतात, तर कपाळाला हात लावला असतात.

आज खड्ड्यातून एक निळा ड्रम निघाला. साहेब ओरडले, "मागे व्हा! हातमोजे घालूनही शिवू नका!"

तसाच ड्रम तुम्ही खांद्यावरून मिरवत घरी आणला होता. सोड्याने घासघासून धुतला होतात. त्यात साठवलेल्या पाण्यावरच मी लहानाची मोठी झाले. धाकटा मोठा झालाच नाही.

घरी आल्याआल्या मी आपल्या त्या ड्रमला गुपचूप भोक पाडलं आणि आईला म्हटलं, "फुटला बघ. टाकून देऊ."

"त्यांच्या हातची वस्तू टाकू? काहीतरीच तुझं!"

खरं सांगितलं, तर ती आधी धाकट्याचं विचारेल, मग तुमचं. तुम्हाला तरी तेव्हा कोण मेला सांगायला आला होता?

आईने भोक बुजवलंसुद्धा. नळ सोडलाय. ड्रम भरत आल्याचा आवाज येतोय.

आता मला उठलंच पाहिजे.

तुमची थोरली